चालायची प्रॅक्टिस : गोरेगाव ते कुरुंदा

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावात माझं मेडिकलचं दुकान आहे. दुकानदाराला किस्से आयते मिळतात असा लोकांचा समज आहे. साफ चूक! काउंटरवर माणूस काय बोलतो? खोकला, ताप, आणि "ती मागच्या टायमाची पांढरी गोळी द्या." संपलं. माणूस खरा बोलतो तो शेजारून चालताना. एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं नसतं, दोघंही समोर रस्त्याकडे बघत असतात, आणि चौथ्या किलोमीटरनंतर तर खोटं बोलायला दमच उरत नाही!

मी तीन महिने चाललो. वीस वर्षं स्टुलावर बसून जमले नसतील एवढे किस्से त्या तीन महिन्यांत गोळा झाले. आता कोणी गोळ्या घ्यायला आलं की मी पट्टी कापता कापता एखादा सुरू करतो. गिऱ्हाईक किस्सा घेऊन जातं, गोळ्या काउंटरवरच राहतात.

चालायला लागलो ते कदम सरांमुळे. सर म्हणजे आमच्या हायस्कूलचे रिटायर झालेले पीटीचे मास्तर. गळ्यात अजूनही शिट्टी. त्यांचा एक विद्यार्थी होता, गणेश. शाळेत असताना वाऱ्यासारखा पळायचा. दोन वर्षांपूर्वी सोयाबीनच्या मळणीयंत्रात त्याचा पाय गेला, गुडघ्याच्या खाली. सर त्याला कृत्रिम पाय बसवायच्या केंद्रावर घेऊन गेले. तिथं त्यांनी व्हरांड्यात बसलेली रांग बघितली. नंबर लावून बसलेली, आपल्याच जिल्ह्यातली माणसं.

परत आल्यावर सर दुकानात आले आणि म्हणाले, "आपण पाच दिवस चालायचं. गोरेगाव, सेनगाव, हिंगोली, औंढा, जवळा बाजार आणि शेवट कुरुंदा. वाटेतल्या प्रत्येक गावाला एक पाय मागायचा."

"पाय मागायचा?"

"ज्यांना नाही त्यांच्यासाठी. एका गावानं वर्गणी काढून एका माणसाचा पाय करून द्यायचा. पण मागायला पायीच जायचं. गाडीत बसून पाय मागितला तर लोक हसतील!"

तयार झालो आम्ही सहा जण. चौघांची पन्नाशी उलटलेली. माझं वय बावन्न, शुगर बॉर्डरवर. म्हणून सरांनी दिवाळीनंतर तीन महिन्यांचं ट्रेनिंग ठेवलं.

*

सहा जणांतले एक खंडूमामा. पासष्टीच्या पुढचे, मेंढ्या पाळणारे. जिल्ह्यातली प्रत्येक पाऊलवाट त्यांना माहीत, म्हणून सर त्यांना बोलवायला स्वतः गेले. सोबत मी होतो. सरांनी वहीतलं टाइमटेबल वाचून दाखवलं. पहिला आठवडा तीन किलोमीटर, दुसरा पाच, आठवड्यातून एक दिवस विश्रांती.

मामांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "ह्यात करायचं काय असतं?"

"चालायची प्रॅक्टिस, मामा."

"चालायची प्रॅक्टिस?" मामा माझ्याकडे वळले. "मंग श्वास घ्यायची बी करून राहिले का तुमी?"

तरी आले. पहिल्या दिवशी सकाळी सहाला सरांनी शिट्टी मारली आणि आम्ही फाट्याकडे निघालो. मामा मेंढ्या घेऊनच आले होते. अर्ध्या तासात मेंढ्या पुढे, मामा पुढे, आणि आम्ही धुळीत. फाट्यावर पोचलो तेव्हा माझ्या छातीचा भाता झाला होता. मामा लिंबाखाली बसून होते, मेंढ्या चरत होत्या.

मी धापा टाकत म्हणालो, "मामा, जरा हळू चालत जा ना!"

मामांना खरंच वाईट वाटलं. म्हणाले, "हळूच आलो की भाऊ. एक मेंढी गाभण हाय."

*

दुसऱ्या आठवड्यात मी हिंगोलीहून स्पोर्ट्स शूज आणले. पोपटी रंगाचे, चांगले भारीतले. दोन दिवसांत दोन्ही टाचांना फोड! लोकांना आयुष्यभर बँडेज विकणारा माणूस स्वतःच्या पायाला सात पट्ट्या चिकटवून लंगडत होता.

आमच्यात एक रुक्मिणकाकू होत्या. साठीच्या. बकऱ्या पाळतात, नेसण नऊवारी, पायात बहुतेक वेळा काहीच नाही. त्यांनी माझं लंगडणं बघितलं.

"पाय नवा हाय का भाऊ?"

"पाय जुनाच आहे काकू. बूट नवे आहेत."

"मंग बुटाला शिकवा ना चालायला. पायाला काहून तकलीफ?" आणि हात पुढे केला. "द्या इकडं. आठ दिवस राहू द्या माझ्यापाशी."

मला वाटलं तेल-बिल लावणार असतील. दुसऱ्या दिवशी दुकानात बसलो होतो आणि समोरून काकू गेल्या. डोक्यावर पदर, हातात काठी, पुढे पंधरा बकऱ्या आणि पायात माझे पोपटी बूट! बूट मोठे होत होते म्हणून आत चिंध्या कोंबल्या होत्या. अख्खा बाजार बघायला उभा. काकूंना त्याचं काहीच नव्हतं. पहिल्या दिवशी बकऱ्या मात्र बुजून पळाल्या म्हणे, त्यांना वाटलं भलतीच बाई आली.

आठ दिवस काकूंनी ते बूट काट्याकुट्यांतून, ढेकळांतून, ओढ्यातून फिरवले. नवव्या दिवशी धुऊन, उन्हात वाळवून आणून दिले. पायात घातले तर कापसासारखे! शेवटपर्यंत एक फोड आला नाही.

मी विचारलं, "काकू, तुम्हाला नाही आले का फोड?"

काकूंनी पाय उचलून तळवा दाखवला. दगडी पायरी असते तसा.

"फोडाला जागा पाहिजे ना भाऊ!"

*

वैशाली मॅडम बँकेत कॅशियर. मूळच्या लातूरच्या, इथं तीन वर्षं झाली. त्यांच्या मनगटाला पावलं मोजणारं घड्याळ होतं. ठरलेली पावलं झाली की ते थरथरतं आणि पडद्यावर फटाके उडतात. ते फटाके उडाले की मॅडम आम्हा सगळ्यांना दाखवायच्या.

एकदा त्यांनी गंमत म्हणून ते घड्याळ दिवसभरासाठी रुक्मिणकाकूंच्या हाताला बांधलं. सकाळी दहाच्या आत काकू बँकेत हजर. "बाई, काढा हे, चावून राहिलं!" मॅडमनी बघितलं तर दिवसाचं टार्गेट पूर्ण. समजावून परत बांधलं.

संध्याकाळी घड्याळ हातात घेतलं आणि मॅडम खुर्चीत बसल्या. आमच्या आठवड्याच्या ट्रेनिंगची पावलं काकूंच्या एका दिवसात!

"काकू, आज काही विशेष होतं का? कुठं लांब गेला होता?"

"न्हाई बाई," काकू ओशाळून म्हणाल्या. "आज घरीच व्हते. पाव्हणे आले ना."

*

पहिली मोठी प्रॅक्टिस सेनगावपर्यंतची. डिसेंबरचा रविवार, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर पिवळी झालेली. सुरुवातीला सगळे जोरात होतो. अर्ध्या वाटेनंतर वैशाली मॅडम मागे पडल्या. एवढ्या मागे की वळणानंतर दिसेनात.

आम्ही थांबलो. सर आमच्यात नव्हते. मी उलट चालत मागे गेलो. मॅडम किलोमीटरच्या दगडाजवळ बसल्या होत्या आणि चक्क रडत होत्या. शेजारी, थोडं अंतर सोडून, कदम सर मांडी घालून बसले होते. रडू नका वगैरे काही नाही. निवांत, शेतात आल्यासारखे.

मॅडम म्हणत होत्या, "सर, माझ्यानं होणार नाही. मला लहानपणापासून माहिती आहे. शाळेतसुद्धा पळण्यात मी शेवटचीच यायची. सगळे हसायचे. आजही मीच शेवटची."

सर म्हणाले, "चूक. शेवटचा मी आहे."

"तुम्ही माझ्यासाठी थांबलात म्हणून."

"नाही. पहिल्या दिवसापासून मी मागेच चालतो. तुम्ही वळून बघितलं नाही." मग सरांनी गळ्यातली शिट्टी दोन बोटांत फिरवली. "मॅडम, बत्तीस वर्षं हातात स्टॉपवॉच धरलं. रेषेवर पहिला कोण येतो ते बघितलं आणि बटण दाबलं. मागून येणाऱ्यांकडे कधी बघितलंच नाही. गणेशला घेऊन गेलो तेव्हा त्या व्हरांड्यात एक माणूस मला म्हणाला, 'सर, ओळखलं का? मी तुमच्या तुकडीत होतो.' मला नाव आठवेना. तो कधी पहिला आला नव्हता ना!"

मॅडम डोळे पुसायच्या थांबल्या.

सर उठले, पँट झटकली आणि म्हणाले, "तर शेवटचा नंबर माझा आहे. तुम्ही घ्यायचा नाही. उठा!"

मॅडम उठल्या. त्या दिवशी सेनगाव गाठलं. तिथल्या चौकात पोचायच्या आधी दहा पावलांवर मॅडम थांबल्या, वळल्या, आणि सर मागे आहेत का बघून मगच पुढे गेल्या.

*

गफूरभाई गोरेगाव ते सेनगाव जीप चालवतात. पंचवीस वर्षं एकच रस्ता. आमच्यात सगळ्यात मोठी अडचण त्यांचीच झाली, कारण त्यांच्या ओळखीचं नाही असं या रस्त्यावर कोणी नाही. ट्रेनिंगच्या वेळेत सकाळची पहिली खेप त्यांचा भाऊ सलीम मारायचा. जीप आमच्या शेजारून जाताना सगळे पॅसेंजर ओरडायचे, "गफूरभाई, या ना! सरकतो आमी!"

आयुष्यभर "सरका जरा, लई जागा हाय" म्हणणारा माणूस हात जोडून सांगायचा, "न्हाई हो, फुल्ल हाय गाडी!"

एक दिवस पुलाच्या पुढच्या वळणावर आम्ही पाणी प्यायला थांबलो. तिथं रस्त्याला लागून एक घर आहे. ओट्यावर तुकाराम दोर वळत बसलेला असतो. त्याला दिसत नाही, जन्मापासून. माझं जुनं गिऱ्हाईक, म्हणजे बीपीची गोळी मी देतो आणि त्याची बहीण घेऊन जाते. गफूरभाई काहीतरी बोलले आणि तुकारामचे हात थांबले.

"जीपवाले भाऊ का?"

"व्हय. कसं ओळखलं?"

"पंचवीस वर्षं इथून आवाज देता ना, 'चलो सेनगाव' म्हणून. आजारी होता का तुमी? हॉर्न बंद हाय तुमचा."

गफूरभाई म्हणाले, "जीप तर रोज जाते. भाऊ चालवतो."

"जीप जाती. हॉर्न न्हाई." तुकाराम दोर बाजूला ठेवून म्हणाला. "माझी गोळी चुकून राहिली ना भाऊ."

आम्हाला काही कळेना. मग त्यानं सांगितलं. गोळी सकाळी नऊला घ्यायची. बहीण पहाटेच शेतात जाते. घरात घड्याळ आहे, पण त्याचा त्याला उपयोग काय? गफूरभाई त्या वळणावर रोज नऊच्या ठोक्याला दोनदा हॉर्न द्यायचे, वळण अवघड म्हणून. हॉर्न वाजला की तुकाराम पाणी घ्यायचा आणि गोळी गिळायचा. सलीमला हॉर्न वाजवायची सवय नाही. तीन आठवडे झाले होते.

"सकाळी नऊ वाजता" असं पाकिटावर मी माझ्या हातानं लिहून दिलेलं! ज्याला दिसत नाही तो ते वाचणार कसं आणि घड्याळ बघणार कसं, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नाही. मी खाली बघितलं.

गफूरभाईंनी तिथंच फोन लावला. "सलीम, पुलाच्या वळणाला दोन हॉर्न. रोज. जोरात... न्हाई रे, आडवं कोणी येत न्हाई. तुकाराम गोळी घेतो!"

जीपमधल्या पॅसेंजरांनी ते ऐकलं असणार. आता नऊ वाजता जीप वळणावर येते, सलीम दोन हॉर्न देतो आणि आतून दहा-बारा माणसं एका सुरात ओरडतात, "घेतली का?"

तुकाराम ओट्यावरून पाण्याचा तांब्या वर करून दाखवतो.

*

हा किस्सा महादेवचा. गावाबाहेर त्याचं शेत आहे. शुगरमुळे त्याचा डावा पाय घोट्याच्या वर कापावा लागला, त्याला सहा-सात वर्षं झाली. कुबड्या घेऊन फिरतो, शेताची राखण करतो. प्रॅक्टिसमध्ये त्याच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या झोपडीवर, आमचा चहा ठरलेला. त्याची बायको सुशीला चहा करायची.

एकदा वैशाली मॅडमच्या चपलेचा अंगठा तुटला. सुशीला म्हणाली, "थांबा, आहेत आमच्यापाशी," आणि आत जाऊन एक गोणी घेऊन आली. गोणी उलटी केली तर चपलाच चपला! सगळ्या पुरुषी. सगळ्या कोऱ्या. आणि सगळ्या डाव्या पायाच्या.



सुशीला म्हणाली, "दुकानदार एक देत न्हाई ना. जोडच घ्यावा लागतो. उजवी झिजती, डावी तशीच राहती. टाकू म्हणलं तर हात होत न्हाई. नवी वस्तू हाय."

महादेव कुबडीवर रेलून हसत होता, पण चपलांकडे बघत नव्हता.

कदम सरांनी एक चप्पल उचलली, उलटी केली, नंबर बघितला. आठ. वहीत लिहून घेतला. पुढे दोन आठवडे ते कोणाकोणाला फोन करत होते ते आम्हाला माहीत नव्हतं. एका सकाळी आखाड्यावर येऊन म्हणाले, "महादेव, तुझा पार्टनर सापडला!"

जवळा बाजारला एक माणूस. उजवा पाय गेलेला, नंबर आठ. त्याच्याही घरी अशीच गोणी. सगळ्या उजव्या पायाच्या!

सरांनी दोन्ही गोण्यांची अदलाबदल घडवून आणली. त्यानंतर त्या दोघांची फोनवर दोस्ती झाली. अजून एकमेकांना बघितलेलं नाही, पण आता गोणीतल्या चपला शेतात झिजवतात आणि बाहेर जायला दोघं मिळून एकच जोड घेतात. यंदा हा, पुढच्या वर्षी तो.

मागच्या महिन्यात महादेव दुकानात आला. पायात लाल पट्ट्यांची, सोनेरी बक्कल लावलेली चप्पल. मी बघतोय हे त्याला कळलं.

"यंदा त्याची पाळी व्हती ना," महादेव वैतागून म्हणाला. "लई हौशी निघालं बेणं. आता वर्षभर मलाबी हेच घालून फिरावं लागून राहिलं!"

*

शेवटच्या आठवड्यात सरांनी पायांची तपासणी ठेवली. मी कापूस, स्पिरिट, पट्ट्या घेऊन शाळेच्या ओट्यावर बसलो आणि एकेकाचे पाय बघू लागलो. खंडूमामा काही वहाण काढेनात.

"माझे पाय चांगले हायत."

"बघू तर द्या मामा. सरांचा हुकूम आहे."

बराच वेळ नाही-होय झालं. शेवटी मामांनी डाव्या पायातली वहाण काढली. पुढच्या बाजूला कापडाची चुंबळ बांधलेली होती. ती सोडली. तीन बोटं नव्हती.

 तीन महिने या माणसाच्या पाठीमागे आम्ही धापा टाकत पळत होतो!

मामांनी थोडक्यात सांगितलं. ऐन तारुण्यात बाभळीचा काटा मोडला, पाय सडला, सरकारी दवाखान्यात बोटं काढली. दोन महिने खाटेवरून उठायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मामा नवव्या दिवशी कळपामागे होते.

मी मेडिकलवाल्याच्या सवयीनं रागावलोच. "नवव्या दिवशी? मामा, पाय गेला असता अख्खा! थांबता आलं नाही का?"

मामा चुंबळ परत बांधत होते. गाठ मारली, वहाण चढवली.

"मी थांबलो असतो, भाऊ. मेंढरं कुठं थांबत्यात?"

*

आता पारूमावशीचं सांगतो.

सेनगावच्या अलीकडे रस्त्यापासून आत एक वस्ती आहे. निघायच्या चार दिवस आधी, शेवटच्या प्रॅक्टिसला, एक म्हातारी त्या वस्तीच्या तोंडाशी आमची वाट बघत उभी होती. हातात खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"पायवाले तुमीच ना?"

सर म्हणाले, "हो मावशी."

तिनं पोतं उघडलं. आत स्वच्छ टॉवेल होता, टॉवेलात कृत्रिम पाय. उजवा. गुडघ्याखालचा.

"माझ्या भास्करचा हाय. गाडीनं उडवलं व्हतं त्याला. हा पाय बसवला अन् सहा महिन्यांनी कावीळ झाली. गेला. दोन वर्षं झाली. घरात नुस्ता ठेवून काय करू? कोणाच्या तरी कामात येईल."

सरांनी लगेच पाय बनवणाऱ्या कारागिराला फोन लावला. थोडं लांब जाऊन बोलले. परत आले तेव्हाच चेहऱ्यावरून आम्हाला कळलं. सरांनी तिला लपवाछपवी न करता सांगितलं. "मावशी, हा दुसऱ्याला बसत नाही. ज्याचा त्याच्याच मापाचा असतो."

 मावशी पायाच्या टाचेवरून अंगठा फिरवत होती.

मग म्हणाली, "मंग तुमच्यासंगं घेऊन जा त्याला. लई चालायचं मनात व्हतं त्याच्या. ह्या पायानं सेनगावाच्या पुढं गेलाच न्हाई."

खंडूमामांनी दोन्ही हात पुढे करून तो पाय घेतला.

पाच दिवस तो पाय आमच्यासोबत होता. आळीपाळीनं खांद्यावर घ्यायचो. कोणी ठरवलं नव्हतं, पण पहिल्या गावाच्या वेशीवर रुक्मिणकाकूंनी तो खांद्यावरून उतरवला आणि जमिनीला टेकवला. मग उचलला आणि गावात शिरल्या. त्यानंतर प्रत्येक वेशीवर तसंच. हिंगोलीत शिरताना टेकवला. औंढ्यात टेकवला. जवळा बाजारला आठवडी बाजार भरला होता, एवढी गर्दी की चालायला वाट नाही. गफूरभाईंनी पाय खाली टेकवला आणि समोरची भाजीवाली आपली टोपली मागे ओढून बाजूला झाली. मग तिच्या पुढचा. मग त्याच्या पुढचा. भर बाजारातून आमच्यासाठी वाट झाली. 

शेवटी कुरुंदा. तिथं हळद काढणीला आली होती, कुठं कुठं शिजत होती, सगळ्या गावाला वास. एका बाईनं पुढे होऊन त्या पायाला हळद लावली आणि लगबगीनं निघून गेली.

ठरवले होते त्यापेक्षा जास्त पाय गावांनी दिले. व्हरांड्यातली रांग बरीच सरकली. गणेश आता फाट्यापर्यंत आमच्यासोबत चालतो.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सहाही जण गफूरभाईंच्या जीपमधून पारूमावशीच्या वस्तीवर गेलो. मावशी दारातच होती. सरांनी टॉवेल उघडून पाय तिच्यापुढे धरला. तळव्याला पाच दिवसांची माती होती. वर हळद होती.

वैशाली मॅडम म्हणाल्या, "मावशी, आत ठेवू का?"

"थांबा," मावशी म्हणाली. "असाच न्हाई."

ती आत गेली. तांब्याभर पाणी घेऊन आली. दारातल्या दगडावर तो पाय उभा केला, खाली बसली आणि वरून धार सोडली. हातानं घोटा चोळला, टाच चोळली, बोटांच्या फटी चोळल्या. मातीचं, हळदीचं पाणी दगडावरून अंगणात वाहत गेलं. मग पदरानं पाय कोरडा केला.

आम्ही सहा जण अंगणात उभे होतो.

मावशीनं पाय उचलला, उंबऱ्याच्या आत ठेवला आणि म्हणाली, "ये बापा."